सामान्य गुण, पत्रकारितेची ओढ आणि कॉलेजची निवड

बारावीचा निकाल लागला की आमच्या तालुक्याच्या गावी झेरॉक्सच्या दुकानापुढे रांगा लागतात. दोन वर्षांपूर्वी अशाच दिवसांत एक मुलगा माझ्याकडे आला. कला शाखेत ५४ टक्के गुण. वडील एस.टी.च्या आगारात मदतनीस, आई दुसऱ्याच्या शेतावर. मुलाच्या हातात एक कागद होता. त्यावर पुण्या-मुंबईच्या पाच नामांकित कॉलेजांची नावे लिहिलेली होती. म्हणाला, "सर, मला पत्रकार व्हायचंय. यांतल्या एकाही ठिकाणी नंबर लागला नाही, तर आय.टी.आय.चा फॉर्म भरतो."

हा मुलगा दोन वर्षे वस्तीतल्या बुद्धविहाराच्या भिंतीवरचा वार्ताफलक लिहीत होता. टँकर कधी येणार, रेशन दुकान कोणत्या दिवशी उघडणार, शिष्यवृत्तीचे अर्ज कधी संपणार, हे सगळे तो विचारून, खात्री करून खडूने लिहायचा. वस्तीचा त्या फळ्यावर विश्वास होता. पाच कॉलेजांनी नाकारले म्हणून हा मुलगा पत्रकारिता सोडायला निघाला होता. आय.टी.आय. वाईट नव्हे, पण तो त्याने निवडलेला नव्हता, त्याच्या वाट्याला आलेला होता.

अशा मुलाला काय सांगायचे, हा या लेखाचा विषय आहे. 'वास्तववादी हो, आपले गुण बघून कॉलेज निवड,' असे सांगणे सोपे आहे. परंतु हे वाक्य आपल्या कानाला वेगळे ऐकू येते. पिढ्यान्पिढ्या आपल्याला 'पायरी ओळखून राहा' असे बजावण्यात आले. म्हणून प्रथम एक भेद स्पष्ट केला पाहिजे. पायरी दुसरा ठरवतो आणि ती कायमची असते. आवाका आपण स्वतः मोजतो आणि तो वाढवता येतो. आपला आवाका नीट मोजून वाट आखणे म्हणजे शरणागती नव्हे. मोजमाप न करता उडी घेणे आणि पडल्यावर स्वप्नच टाकून देणे, यात मात्र आपला फार मोठा तोटा आहे.

'सामान्य' कोणाला म्हणायचे?

गुणपत्रिकेवरचा आकडा केवळ बुद्धी मोजत नाही. घरात टेबल होते काय, शिकवणी होती काय, इंग्रजी कानावर पडत होते काय, परीक्षेच्या महिन्यात मजुरीला जावे लागले काय, हे सारे त्या आकड्यात मिसळलेले असते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९०७ साली मॅट्रिक झाले तेव्हा त्यांना ७५० पैकी २८२ गुण होते. आजच्या कोणत्याही नामांकित कॉलेजच्या पहिल्या यादीत हा विद्यार्थी बसला नसता. पुढचा इतिहास सर्वांना ठाऊक आहे.

पण या उदाहरणाचा आपण सोयीचा अर्थ काढू नये. त्या २८२ गुणांच्या मागे अफाट वाचन होते, आणि पुढे तर त्याहून अधिक होते. व्यवस्था दोषी आहे, हे खरेच. म्हणून आपण शुद्ध वाक्य लिहायला शिकायचे नाही, असे त्यातून निघत नाही. गुण कमी का पडले याचे उत्तर व्यवस्थेकडे मागावे. लिहिता का येत नाही याचे उत्तर स्वतःकडेही मागावे. ज्याला पत्रकार व्हायचे आहे त्याला हे दोन्ही प्रश्न टाळता येणार नाहीत.

या क्षेत्रात आपली गरज का?

आपली चळवळ आणि वृत्तपत्र ही बरोबरच वाढलेली आहेत. शिवराम जानबा कांबळे यांनी पुण्यातून १९०८ साली 'सोमवंशीय मित्र' काढले. किसन फागूजी बनसोडे यांनी नागपुरातून एकामागून एक पत्रे चालविली. ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' निघाला. १९२७ मध्ये 'बहिष्कृत भारत', १९३० मध्ये 'जनता' आणि १९५६ मध्ये 'प्रबुद्ध भारत'. यांपैकी कोणाच्याही मागे पत्रकारितेची पदवी नव्हती. प्रस्थापित पत्रांत आपल्या दुःखाला जागा नव्हती, म्हणून ती जागा स्वतः निर्माण करावी लागली.

आज जागा मिळाली काय? १९९६ साली बी. एन. उनियाल यांनी 'पायोनियर'मध्ये लिहिले की, एका परदेशी वार्ताहराने विचारल्यावरून त्यांनी दिल्लीत दलित पत्रकाराचा शोध घेतला आणि त्यांना एकही सापडला नाही. २००६ साली अनिल चमडिया, जितेंद्र कुमार आणि योगेंद्र यादव यांनी दिल्लीतल्या ३७ माध्यमसंस्थांतील निर्णय घेणाऱ्या ३१५ जणांची पाहणी केली. त्यांत अनुसूचित जाती-जमातींतील एकही व्यक्ती आढळली नाही. २०१९ साली ऑक्सफॅम इंडिया आणि न्यूजलाँड्री यांच्या अहवालात माध्यमांतील १२१ नेतृत्वपदांपैकी १०६ पदांवर उच्चवर्णीय होते. अनुसूचित जाती-जमातींचे कोणी नव्हते. तेवीस वर्षांत तीनदा मोजणी झाली आणि उत्तर जवळजवळ एकच आले.

म्हणजे फळा लिहिणारा हा मुलगा मध्येच गळाला, तर ते केवळ त्या घराचे नुकसान नाही. कोणती घटना बातमी आहे आणि कोणती नाही, हे ठरवणाऱ्या खुर्चीपर्यंत जाणारा एक माणूस आपण वाटेतच हरवतो.

दारे दोन आहेत

बहुसंख्य विद्यार्थ्यांना आणि पालकांना एक साधी गोष्ट माहीत नसते. पत्रकारितेच्या शिक्षणाला दोन दारे आहेत. एक बारावीनंतरचे, दुसरे पदवीनंतरचे.

पहिल्या दारावर बारावीचे गुण किंवा कॉलेजची स्वतःची प्रवेश परीक्षा असते. मुंबई विद्यापीठात २००० साली बी.एम.एम. हा अभ्यासक्रम सुरू झाला. २०१९ पासून तो बी.ए.एम.एम.सी. या नावाने चालतो. तीन वर्षांपैकी पहिली दोन वर्षे सर्वांना समान असतात. पत्रकारिता की जाहिरात, ही वाटणी तिसऱ्या वर्षी होते. हा अभ्यासक्रम मुख्यतः विनाअनुदानित तत्त्वावर चालतो. त्यामुळे त्याच कॉलेजातल्या अनुदानित बी.ए.पेक्षा त्याचे शुल्क कितीतरी जास्त असते. शिकवणे बहुतेक ठिकाणी इंग्रजीतून चालते. नामांकित कॉलेजांत या दारापाशी रेटारेटी असते, आणि शहरातल्या इंग्रजी शाळांतून आलेली मुले तिथे पुढे असतात.

दुसऱ्या दारावर बारावीचे गुण कोणी विचारत नाही. कोणत्याही शाखेची पदवी आणि प्रवेश परीक्षा किंवा पदवीचे गुण, एवढेच तिथे लागते. पुण्याच्या विद्यापीठाचा पत्रकारिता विभाग १९६४ पासून आहे. रानडे इन्स्टिट्यूट या नावाने तो ओळखला जातो. कोल्हापूरचे शिवाजी विद्यापीठ, छत्रपती संभाजीनगरचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ, नागपूर, नांदेड, सोलापूर आणि जळगाव येथील विद्यापीठे या सर्वांत पत्रकारितेचे विभाग आहेत. वर्ध्याच्या महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालयात हिंदीतून जनसंचार शिकता येतो. १९६५ साली दिल्लीत स्थापन झालेल्या भारतीय जनसंचार संस्थेचे एक केंद्र अमरावतीत आहे आणि तिथे मराठी पत्रकारितेचा पदव्युत्तर पदविका अभ्यासक्रम चालतो. ज्याला नोकरी सोडता येत नाही त्याच्यासाठी नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आहे.

याचा अर्थ असा की, बारावीला ५४ टक्के पडले म्हणून पत्रकारिता बंद होत नाही. पहिले दार अरुंद असेल, तर दुसऱ्या दारापर्यंत तीन वर्षांचा वेळ हाती असतो. सामान्य गुणांच्या विद्यार्थ्याने ही तीन वर्षे कशी घालवावी, हा खरा प्रश्न आहे.

माझे मत स्पष्ट आहे. नामांकित कॉलेजात परवडणाऱ्या शुल्कात प्रवेश मिळाला तर जरूर घ्यावा. तो मिळत नसेल, तर कोणत्या तरी खासगी संस्थेत कर्ज काढून माध्यमाची पदवी घेण्यापेक्षा, अनुदानित कॉलेजात अर्थशास्त्र, राज्यशास्त्र, इतिहास, समाजशास्त्र किंवा मराठी घेऊन बी.ए. करावे, पत्रकारिता दुसऱ्या दाराने शिकावी. बातमी लिहिण्याचे तंत्र एका वर्षात हाती येते. पण ग्रामपंचायतीचा अर्थसंकल्प वाचता येणे, अॅट्रॉसिटी कायद्याखालील फिर्यादीत कोणते कलम लावलेले नाही हे ओळखता येणे, कालव्याचे पाणी कोणत्या गावापाशी थांबते आणि का, हे समजणे, यासाठी विषयाचा पाया लागतो. तो ज्याच्याकडे आहे, त्याला संपादकालाही टाळता येत नाही.

यादी कशी करावी?

पाच कॉलेजे एकाच उंचीची लिहू नयेत. यादीचे तीन भाग करावेत. पहिल्या भागात एक किंवा दोन अशी कॉलेजे, जिथे गेल्या वर्षीची शेवटची गुणसंख्या आपल्यापेक्षा थोडी वर आहे. दुसऱ्या भागात दोन-तीन अशी, जिथे आपल्या प्रवर्गातली शेवटची गुणसंख्या आपल्या आसपास आहे. तिसऱ्या भागात निदान एक असे, जिथे प्रवेश नक्की मिळेल, आणि मिळाला तर आपण खरोखर जाऊ. ज्या कॉलेजात जायची मनातून तयारी नाही, त्याचे नाव यादीत घालून उपयोग नाही. गेल्या वर्षीच्या प्रवेशयाद्या अनेक कॉलेजांच्या संकेतस्थळांवर असतात. नसतील तर कार्यालयात जाऊन मागाव्यात. खुल्या प्रवर्गाचा आकडा बघून घाबरून परत आलेली मुले मी पाहिली आहेत. आपल्या प्रवर्गाची यादी वेगळी असते, हे त्यांना कोणी सांगितलेले नव्हते.

आणि एक गोष्ट. राखीव जागेवर प्रवेश घेताना काही मुलांना संकोच वाटतो. हा संकोच त्यांच्या मनात दुसऱ्यांनी पेरलेला आहे. राखीव जागा हा संविधानाने दिलेला प्रतिनिधित्वाचा हक्क आहे. वरचे आकडे पाहिल्यावर या क्षेत्रात त्याची गरज संपली, असे कोण म्हणेल?

प्रवेशापूर्वी विचारायचे प्रश्न

कॉलेजचे माहितीपत्रक म्हणजे जाहिरात. स्टुडिओचे छायाचित्र पाहून निर्णय घेऊ नये. कॉलेजात जाऊन पुढील गोष्टी विचाराव्यात.

हा अभ्यासक्रम कोणत्या विद्यापीठाशी संलग्न आहे? संस्था स्वतःचेच प्रमाणपत्र देत असेल, तर शिष्यवृत्ती मिळणार नाही आणि पुढे पदव्युत्तर प्रवेशालाही ते चालणार नाही, असे समजावे. तीन वर्षांचा एकूण खर्च किती, आणि त्यात शिकवणी शुल्काशिवाय आणखी काय आहे? उत्तरपत्रिका मराठीतून लिहिता येते काय? विद्यार्थी प्रायोगिक अंक काढतात काय, आणि त्याचा गेल्या महिन्याचा अंक बघायला मिळेल काय? शिकवणाऱ्यांपैकी प्रत्यक्ष वृत्तपत्रात काम केलेले किती? गेल्या दोन वर्षांतले विद्यार्थी आज कुठे काम करतात? शेवटचा प्रश्न कार्यालयात न विचारता फाटकाबाहेर, तिसऱ्या वर्षाच्या मुलांना विचारावा.

आमच्याच गावची एक मुलगी पुण्याच्या एका खासगी संस्थेत गेली. घरच्यांनी शेताचा तुकडा गहाण ठेवून पहिल्या वर्षाचे शुल्क भरले. संस्थेचे प्रमाणपत्र कोणत्याही विद्यापीठाचे नव्हते, हे शिष्यवृत्तीचा अर्ज भरताना कळले. दुसऱ्या वर्षी ती परत आली. तिच्या हुशारीत काही कमी नव्हते. एक प्रश्न विचारायचा राहून गेला, एवढेच झाले.

पैसा आणि कागद

अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. तिला पालकांच्या वार्षिक उत्पन्नाची अडीच लाख रुपयांची मर्यादा आहे. उत्पन्न त्याहून जास्त असेल, तर राज्याची शिक्षण व परीक्षा शुल्क सवलत असते. दोन्हींचे अर्ज महाडीबीटी या संकेतस्थळावर भरायचे असतात. शहरात सामाजिक न्याय विभागाच्या वसतिगृहासाठी अर्ज करावा. तिथे जागा मिळाली नाही, तर भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. २०१६-१७ पासून चालू असलेल्या या योजनेत भोजन, निवास आणि निर्वाह यांसाठी मुंबई-पुण्यासारख्या मोठ्या शहरांत वर्षाला साठ हजार रुपयांपर्यंत मदत मिळते. गुणांच्या अटी त्या वर्षीच्या सूचनेत पाहाव्यात.

मात्र हे पैसे वेळेवर येत नाहीत, हा आपल्या सर्वांचा अनुभव आहे. म्हणून पहिल्या चार महिन्यांच्या खाण्यापिण्याची आणि खोलीभाड्याची तजवीज आधी करावी. ती होत नसेल, तर दूरच्या मोठ्या कॉलेजपेक्षा जिल्ह्याच्या ठिकाणचे, एस.टी.च्या सवलतीच्या पासवर जाता येईल असे कॉलेज केव्हाही बरे. उपाशीपोटी नामांकित कॉलेजात बसलेला विद्यार्थी दिवाळीला घरी येतो तो पुन्हा जात नाही.

जातीचे प्रमाणपत्र, जात वैधता प्रमाणपत्र, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणि अधिवास दाखला ही कामे बारावीच्या वर्षातच उरकावीत. केंद्रीय संस्थेत जायचे असेल तर केंद्र शासनाच्या नमुन्यातील जातप्रमाणपत्र लागते. राज्याच्या नमुन्यातले चालत नाही, हे अनेकांना प्रवेशाच्या दिवशी कळते. १९९० च्या दुरुस्तीने बौद्ध धर्मांतरितांनाही केंद्रात अनुसूचित जातीच्या सवलती मिळाल्या. तो हक्क असूनही चुकीच्या कागदामुळे हातची जागा जाऊ देऊ नये.

तीन वर्षांत काय करावे?

कॉलेज लहान असले तरी काम लहान असण्याचे कारण नाही. मुकुंदराव पाटील यांनी १९१० पासून अर्धशतकाहून अधिक काळ 'दीनमित्र' चालविला, तो मुख्यतः नेवासे तालुक्यातल्या तरवडी या खेड्यातून. २००२ साली उत्तर प्रदेशातल्या चित्रकूटमध्ये 'खबर लहरिया' सुरू झाले. दलित आणि इतर वंचित समाजांतल्या ग्रामीण स्त्रियांनी ते चालविले. त्यांच्यापाशी मोठ्या कॉलेजच्या पाट्या नव्हत्या. परंतु त्यांनी शिक्षणाला फाटा दिला, असा अर्थ कोणी काढू नये. बातमी कशी विचारावी, कशी तपासावी, कशी लिहावी, हे त्या शिकल्या आणि शिकत राहिल्या.

आपल्या विद्यार्थ्यानेही तेच करावे. रोज दोन वृत्तपत्रे वाचावीत, आणि एकाच घटनेची बातमी दोघांनी कशी दिली हे वहीत टिपावे. आठवड्याला एक बातमी लिहून कोणाकडून तरी तपासून घ्यावी. माहितीच्या अधिकाराखाली निदान एक अर्ज करून पाहावा. मुद्रितशोधन आणि मराठी टंकलेखन शिकावे. उपसंपादकाच्या टेबलाकडे जाणारा हा जवळचा रस्ता आहे. इंग्रजीची भीती रोज एक पान वाचून घालवावी. बोली सोडू नये, प्रमाण मराठीलाही घाबरू नये. आपल्या साहित्याने बोलीला प्रतिष्ठा मिळवून दिली. बातमीत मात्र तहसीलदाराचे परिपत्रक आणि आजीचे म्हणणे, दोन्ही नेमके मांडता आले पाहिजे. छापून आलेली प्रत्येक ओळ कात्रणवहीत चिकटवावी. मुलाखतीच्या वेळी ती वही गुणपत्रिकेपेक्षा जास्त बोलते.

तालुक्याच्या वार्ताहराचे काम मिळाले तर अनुभवासाठी घ्यावे. परंतु जाहिराती आणायचे काम आणि बातमी आणायचे काम एकाच माणसावर टाकले जाते, हे ओळखून घ्यावे. ज्या पुढाऱ्याच्या वाढदिवसाची जाहिरात आपण आणली, त्याच्या विरोधातली बातमी लिहिणे अवघड जाते.

आपली जबाबदारी

हे सारे केल्यावरही वृत्तपत्राच्या कार्यालयाचे दार सहज उघडेल, असे खोटे आश्वासन मी देणार नाही. तिथे ओळख चालते, आडनाव चालते. कोणत्याही कॉलेजची पदवी ही भिंत एकट्याने पाडू शकत नाही. ती कार्यकर्त्यांनी आणि शिक्षकांनी मिळून पाडायची आहे. प्रत्येक तालुक्यात एका शिक्षकाने प्रवेशाच्या दिवसांत आठ दिवस अर्ज भरायला बसावे. आज पत्रकारितेत असलेल्या आपल्या बांधवांनी वर्षाला दोन मुलांची लेखनतपासणी करावी. जयंतीच्या खर्चातला काही भाग एखाद्या विद्यार्थ्याच्या पहिल्या चार महिन्यांच्या खोलीभाड्यासाठी ठेवावा. यात अशक्य असे काही नाही.

तो मुलगा आता जिल्ह्याच्या अनुदानित कॉलेजात राज्यशास्त्र घेऊन तिसऱ्या वर्षाला आहे. पुढच्या वर्षी विद्यापीठाच्या पत्रकारिता विभागाची आणि अमरावतीची, अशा दोन्ही परीक्षा देणार आहे. नंबर लागेल की नाही, हे आज सांगता येणार नाही. सुटीत गावी आला की फळा अजून तोच लिहितो. मागच्या खेपेस त्यावर रेशनच्या तांदळाचे वजन लिहिले होते. दुकानात मिळालेले आणि कार्डावर नोंदलेले, असे दोन आकडे शेजारी-शेजारी. दुसऱ्या दिवशी दुकानदाराने राहिलेला तांदूळ मुकाट्याने मोजून दिला.